छत झाकू न देणाऱ्या रूथबाई

रूथबाई साळवे यांची आणि माझी खरी ओळख झाली ती त्यांनी मला टोकल्यामुळे. मी बिडकीनच्या भजनी मंडळाचा तबलजी आणि बाई शिकवायच्या त्याच शाळेतला शिक्षक. बाई चालवतात त्या, लष्करी छावणीतल्या चर्चच्या गायनमंडळाचा तबलावादक नाताळाच्या तोंडावर आजारी पडला, म्हणून बाईंनी मला बोलावलं. देवळात वाजवतो तसा मी हात टाकला, तर एकेक थाप वर जाऊन परत येऊ लागली आणि ताल पार विस्कटला. बाई पेटी थांबवून म्हणाल्या, "दादा, जरा दमानं. वरचं छतबी वाजवतंय तुमच्यासंगं. त्याचं झालं की मंग तुम्ही."

गोऱ्या पलटणीसाठी बांधलेलं हे गॉथिक चर्च. दगडी भिंती, टोकदार कमानी आणि कमानींच्याही वर चढत गेलेलं लाकडी छत. पलटण गेली. अठ्ठेचाळीस साली निजामी राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर त्याच बाकांवर पिशोर, लासूरकडच्या खेड्यांतली माणसं बसू लागली. बाईंचा जन्मही त्याच सुमाराचा, पिशोरचा. इंग्रजी गीतांसाठी उभारलेल्या त्या छताखाली मराठी गीत कसं गावं, हे आम्हाला बाईंनी शिकवलं. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

पुढे चर्चच्या कमिटीनं ते छतच झाकायचं ठरवलं. आवाज घुमतो, उपदेश कळत नाही, म्हणून खालून सपाट फॉल्स सीलिंग. कमानींची टोकंसुद्धा त्यामागे गेली असती. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी एक रविवार मागून घेतला. लाउडस्पीकर बंद ठेवले, गीतांची लय उतरवली, पाळकसाहेबांना उपदेशात प्रत्येक वाक्यानंतर थांबायला लावलं. उपासना सुटल्यावर शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, कमिटीच्या चिटणीसांच्या म्हाताऱ्या आईंनी लेकालाच विचारलं, "आज नवं मशीन बशिवलं का रं? समदं ऐकू आलं." सीलिंगचा विषय तिथंच मिटला.

बाईंना थांबता येतं, गाण्यात आणि माणसांतही. माझे वडील गेले तेव्हा त्या बिडकीनला आल्या. सगळे धीराचं बोलत होते. बाई आईचा हात धरून नुसत्या बसल्या. आई आजही तेवढंच सांगते.

बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. सत्कार त्याच छताखाली आहे, माइकशिवाय, आणि तबल्यावर मी. बाईंची तब्येत अशीच ठणठणीत राहो. त्यांच्या शंभरीलाही माझा हात घाईत पडावा, आणि पेटी थांबवून त्यांनी मला म्हणावं, "दादा, दमानं."