सरकवलेला दोर

बी.एस्सी. होऊन मी कापसाच्या पाहणीच्या नोकरीला लागलो, तेव्हा डोक्यात गणिताची भलतीच घमेंड होती. चाळीस सालानंतरची गोष्ट. तोवर गावचं पीक किती आलं ते पटवारी बांधावरून बघून सांगायचे. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे. त्यातलं किती आणे आलं, ते लिहायचे. आता आम्ही चिठ्ठ्या टाकून शेतं निवडायची, आकड्यांच्या तक्त्यावरून पावलं मोजून शेतातली जागा ठरवायची, तिथं दोरानं चौकोन आखायचा आणि त्यातली प्रत्येक वेचणी तोलायची. ठरलेली जागा बदलायची नाही, हा एकच कडक नियम होता. का, ते कुणी नीट सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करणं.

मंगरूळपीरच्या पलीकडचं एक गाव माझ्या वाट्याला आलं. तिथले पटवारी साठीचे होते. ते माझ्यासोबत उन्हातून शेतोशेत हिंडले आणि बांधावर उभं राहून म्हणाले, "दहा आने हाये, साहेब. लिहून ठेवा." मी गालातल्या गालात हसलो.

पहिल्याच शेतात जागा नाल्याकाठच्या काळ्या जमिनीत पडली. तिथं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीला लागत होती. वरच्या मुरमाड अंगाला ती गुडघ्याएवढीच होती. मी दोर सोडला तशी घरची बाई धावत आली. "भाऊ, त्या अंगाले पाय नका ठेवू. सीतादही व्हाची हाये अजून. सुक्रवारी आमची पूजा झाली का मंग टाका तुमचा दोर."

वेचणी सुरू करण्याआधी बाया शेतात दहीभाताचा निवेद दाखवतात, ती सीतादही. त्या गावात ती शेतातल्या सगळ्यात चांगल्या अंगाला करत, आणि ती होईपर्यंत परक्यानं तिथं शिरायचं नाही, अशी रीत होती. बाईचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलो मी. तो मंगळवार होता आणि मला दिवाळीला घरी पोचायचं होतं. शुक्रवारपर्यंत थांबलो असतो तर फार तर घरची पहिली आंघोळ बुडाली असती. मी दोर उचलला आणि मुरमाड अंगाला टाकला. पुढच्या शेतांत तर जागा चांगल्या अंगाला पडली की कुणी अडवायचीही वाट पाहिली नाही. बारा जागांपैकी पाच अशा सरकवल्या आणि कागदावर लिहिलं, 'जागा बदललेली नाही.'

हिवाळाभर तोलणी झाली. माझ्या हिशेबानं पीक निघालं सात आणे.

तहसील कचेरीत पटवाऱ्यांना बोलावून आमच्या साहेबांनी माझ्यादेखत झापलं. बसल्या जागेवरून पीक फुगवून लिहिता, म्हणाले. म्हातारा उभाच होता. बाहेर आल्यावर मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तो हळूच म्हणाला, "तुमचं गनित कायले खोटं बोलन, साहेब? माह्याच डोयाले आता दिसत नसन." महिन्याभरात त्यांनी आपणहून काम सोडलं. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं.

उन्हाळ्यात वाशीमला आमची शिकवणी झाली. मास्तरांनी आम्ही सगळ्यांनी तोललेली वजनं चिठ्ठ्यांवर लिहून एका मडक्यात टाकली. सुटी वजनं वेडीवाकडी होती: बहुतेक लहान, मोजकीच दांडगी. मग प्रत्येकानं न बघता नऊ चिठ्ठ्या काढायच्या, सरासरी सांगायची, चिठ्ठ्या परत टाकायच्या. मास्तर फळ्यावर प्रत्येक सरासरीसाठी एक फुली मारत गेले. वेड्यावाकड्या वजनांतून फुल्यांचा मधे उंच, दोन्हीकडे उतरता असा सुबक ढीग झाला, आणि तो बरोबर मडक्यातल्या खऱ्या सरासरीभोवती. मी खुळ्यासारखा बघत राहिलो. मला ते फार सुंदर वाटलं.

मग मास्तरांनी मडक्यातल्या दांडग्या चिठ्ठ्या वेचून बाजूला ठेवल्या आणि म्हणाले, "आता काढा." पुन्हा ढीग झाला. तसाच सुबक, उलट आणखी आटोपशीर. फक्त तो भलत्याच जागी उभा होता. "ह्याच्याकडे बघून चूक ओळखता येईल का?" मास्तरांनी विचारलं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. त्या दांडग्या चिठ्ठ्या मी आधीच काढून ठेवल्या होत्या, नाल्याकाठी, पाच ठिकाणी. म्हाताऱ्याचे डोळे धड होते. मीच त्यांना आंधळं ठरवलं होतं, आणि त्यांनी ते मानलंही होतं.

रविवारी मी त्या गावी गेलो. पटवारी ओसरीवर सुतळी वळत बसले होते. शेजारचा एक जण पऱ्हाटीच्या बियाण्याचं विचारायला आला, तर म्हणाले, "मले नोको इचारू बापा, मले आता समजत नाई." तो गेल्यावर मी सगळं सांगितलं. शुक्रवार, दिवाळी, पाच जागा, कागदावरचं खोटं, काही लपवलं नाही. त्यांनी हातातला पीळ पुरा केला, सुतळी खाली ठेवली. मग त्यांनी आत चहा सांगितला.

"मले सांगून काय उपेग, साहेब?" ते म्हणाले. "मले ज्याईनं झापलं त्याईले सांगा."

"उद्याच सांगतो," मी म्हणालो, आणि चहा प्यालो. ते मला गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "सांगता न?" मी हो म्हणालो. सोमवारी मी कचेरीत गेलो, साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो, आणि दोन दिवसांची रजा मागितली.