ट्रेमोलो, डिले आणि आबांची झोप

ट्रेमोलो घ्यावा की डिले, असं कुणी विचारलं की मी आधी चिडते. गिटारला जोडून पायानं चालवायची ही दोन्ही पेडलं तालावरच चालतात, मग फरक काय, असं म्हणणाऱ्याला तर मी चहासुद्धा विचारत नाही. फरक काय म्हणजे! ट्रेमोलो गिटारचा सूर धरून त्याचा आवाज वरखाली करतो, एकसारखे तुकडे पाडतो. डिले सूर ऐकून घेतो आणि ठरल्या अंतरानं परत देत राहतो, विरून जाईपर्यंत. दोन्हींवर पायानं दोन-तीनदा टपटप केलं की ती तुमची लय उचलतात. साम्य म्हणाल तर एवढंच.

हे मी शिकले आमच्या दोन खोल्यांत, दुष्काळातल्या दुपारी, आबांना झोपवताना.

आबा म्हणजे माझे वडील. खुलताबादच्या डोंगराकडं त्यांची मेंढरं असायची. पाऊस रुसला तो रुसलाच, चारा संपला, तेव्हा त्यांनी सगळा कळप बाजारात विकला आणि माय न् मला घेऊन शहराच्या कडेला नव्या वसाहतीत आले. चहूकडं शेतांचे प्लॉट पडत होते. ढेकळांवर चुन्याच्या रेघा आणि कोपऱ्यांवर खांब. आबांना एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी मिळाली. पण दिवसा त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना, म्हणून रात्री गेटवर डुलकी लागायची. साहेबानं दोनदा पकडलं. आता परत झोपलेला दिसलास तर घरीच बस, असं बजावलं. त्या एका पगारावर आमची चूल होती. मला लई भीती वाटायची.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि आमच्या बँडमध्ये गिटार वाजवायची. उस्मानपुऱ्यातल्या वाद्यांच्या दुकानदारानं दोन वापरलेली पेडलं माझ्या हातात ठेवली. "दोनों ले जाव बेटा, आठ दिन बजाव, जो नक्को वो वापस लाव." बँडला ट्रेमोलोच हवा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. मायनं पेडलं बघून कपाळावर हात मारला. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! तुझा बाप झोपंना, अन् तू आणखी खटखट घेऊन ये."

दुपारी वसाहत अगदी चिडीचूप असायची. कूलरमध्ये घालायला पाणी नव्हतं, त्यामुळं तोही मुका. टँकर येईपर्यंत गल्लीत माणूस दिसत नसे. हिरव्या पडद्यातून ऊन आत यायचं आणि सगळी खोली विहिरीच्या तळाशी असल्यागत वाटायची. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले, गिटारच्या स्पीकरचा, म्हणजे अँपचा, आवाज अगदी बारीक ठेवला आणि ट्रेमोलो लावून एकच स्वर छेडत राहिले. टुक टुक टुक टुक. थोड्या वेळानं घोरणं ऐकू आलं. आबा झोपले होते! आनंदानं माझा हात थांबला, तसे ते ताडकन उठून बसले.

"काय झालं?"

"काय नाय, आबा."

"मग थांबलीस कशाला?"

मला काही उमगेना. मायनं मात्र लगेच ओळखलं. "अगं, मेंढरू बसल्या बसल्या रवंथ करतं, तशी गळ्यातली घंटी हलत राहते. ती वाजतीय तोवर ह्यांना झोप. घंट्या गप झाल्या म्हंजी मेंढरांनी कान टवकारले. लांडगा आला. इथं तर दुपारभर गपच असतंय समदं. कशी लागंल झोप?"

मग काय, बसले वाजवत. पण ट्रेमोलोला कापायला काहीतरी द्यावं लागतं. तार गप्प झाली की तोही गप्प. बोटं सुजली, ताटातली भाकरी वाळून गेली. दुसऱ्या दिवशी डिले जोडला. त्याला परतीचा एक नॉब असतो. कमी ठेवला तर सूर चार-पाच ठोक्यांत संपतो. पार फिरवला तर सुरावर सूर साचून तो किंचाळायला लागतो. त्या किंचाळण्याच्या जरा अलीकडं एक जागा आहे. तिथं नॉब ठेवून एकदा तार छेडली की स्वर आपला आपण चालत राहतो, हळूहळू मऊ होत. लय मी आबांच्या श्वासावरून दिली.

"हे डबडं गुणाचं हाय," माय म्हणाली. "ते दुसरं नुसतं खायला मागतंय."

ट्रेमोलो मी परत केला. बँडमधल्या पोरांनी तोंडं फुगवली. फुगवू देत.

त्या दुपारी अजून अंगात आहेत. मी भिंतीला टेकून बसायची. स्वर यायचा, जायचा, पुन्हा यायचा. डोळे मिटले की पलीकडच्या प्लॉटांवरून मेंढरं येताना दिसायची, काळी, पांढरी, पायांचा आवाज न करता, आणि त्यांच्या खुरांखाली चुन्याच्या रेघा पुसट होत जायच्या. माय मांडीवर सूप घेऊन पेंगायची. आपण शहरात आहोत की डोंगरात, हे काही केल्या आठवायचं नाही, आणि आठवावंसंही वाटायचं नाही. मी फार सुखात होते. आबा रात्री टक्क जागे राहू लागले होते.

एका दुपारी वीज गेली. अँप एकदम बंद पडला. स्वर मधेच तुटला. आबा उठून बसले. डोळे उघडे, पण माणूस झोपेतच. हात अंथरुणाशेजारी काठी चाचपत होता.

"मेंढरं कुठं गेली?"

मायनं माझ्याकडं पाहिलं. कळप विकल्यापासून आबांनी मेंढरांचं नाव काढलं नव्हतं. त्यांना जागं करून खरं सांगावं, तर पुन्हा झोप लागणार नाही, आणि रात्री पाळी होती.

"पाण्यावर गेलीत, आबा," माझ्या तोंडून निघून गेलं.

"पाणी हाय तिथं?"

"हाय."

"समद्याला पुरंल?"

ह्यावर मायच बोलली, "पुरंल की. लई हाय."

"मग पिऊ दे पोटभर," आबा म्हणाले, आणि कूस बदलून त्या चिडीचूप खोलीत संध्याकाळपर्यंत झोपले.