टोपीकाकांची सहा विमानं

एका वाळवंटी देशाच्या हवाई दलात कोणती विमानं ठेवायची, कोणती मोडीत काढायची आणि नवी कोणती घ्यायची, हे ज्या खोलीत ठरे, तिथला पंखासुद्धा वाळू खाऊन कुरकुरायचा. खोलीतल्या नियोजकांना सगळे टोपीकाका म्हणत. काकांनी उभ्या आयुष्यात टोपी घातली नव्हती, टक्कल उघडंच. पण याची टोपी त्याच्या डोक्यावर करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. वाळूने इंजिनांची पाती झिजत. एका मालवाहू विमानाचं इंजिन थकलं की काका ते कमी उडणाऱ्या विमानाला बसवायला लावत आणि त्याचं बरं इंजिन याला. अशी सहा म्हातारी विमानं त्यांनी नियमाच्या काठाकाठाने वर्षानुवर्षं उडती ठेवली. साहेब खूश, काका त्याहून खूश.

यंदा पुढच्या पाच वर्षांच्या आराखड्यात मात्र त्यांनी सहाही मोडीत काढली.

"अहो काका, गेल्या वर्षी तुम्हीच छातीठोकपणे सांगितलंत, त्यांना इतक्यात मरण नाही म्हणून!" साहेब म्हणाले.

"वाळू वाढलीय, साहेब."

वाळू होती तेवढीच होती. काकांची धाकटी लेक वैमानिक होऊन नुकतीच ही विमानं उडवणाऱ्या तुकडीत रुजू झाली होती, एवढाच काय तो फरक. साहेबांनाही ते ठाऊक होतं. "उद्यापर्यंत नीट विचार करा," म्हणून त्यांनी आराखडा परत दिला.

अशा बातमीला पाय फुटतातच. रात्री जेवताना लेकीने विषय काढला. "बाबा, नवी विमानं येईपर्यंत मी ऑफिसात टेबलाशी बसून राहायचं?"

"पाती झिजलीत गं."

"माहितीये. मी स्वतः नख फिरवून पाहिलंय, खाचांत अडकतं. पण ती काय आज झिजलीत?"

"आधी जेवा," आई म्हणाली. "विमानं कुठे पळून जात नाहीत. ती तर मुळीच नाहीत."

कोणी हसलं नाही. लेक हळूच म्हणाली, "माझ्याआधी ज्यांनी ती उडवली, ती कोणाचीच पोरं नव्हती का, बाबा?"

ती सगळी पोरं सुखरूप परत आली होती, आणि त्याचं श्रेय काका आजवर स्वतःच्या हुशारीला देत आले होते. ते निव्वळ नशीब होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लेकीसमोर वाटली म्हणून जास्तच वाटली.

सकाळी ते साहेबांपुढे उभे राहिले. "वाळू वाढलेली नाही, साहेब. पोरीपायी घाबरलो. पण विमानं मोडीतच काढा. आराखडा मंजूर व्हायची वाटही बघू नका, आजच खाली उतरवा."

"आणि वरून विचारलं, आजवर का उडवलीत, तर?"

"तर सांगा, नियोजकाची मुलगी आजवर त्यांत बसली नव्हती."