मामांचा नावाडी

नाशिक रोडला फिल्म न पाहता तिचा शेवट तोंडपाठ असलेली जेवढी माणसं आहेत, ती सगळी कधी ना कधी आमच्या हिच्या मामांकडे चहाला जाऊन आलेली आहेत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात. मामांनी कॉम्प्युटर घेतला आणि इंटरनेटवरच्या छोट्या फिल्मा सांभाळू लागले. मातीच्या बाहुल्यांच्या, रंगवलेल्या चित्रांच्या, कुठल्या तरी देशातल्या घंटा दुरुस्त करणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसाच्या. अट एकच, चहा गार व्हायच्या आत संपली पाहिजे. "तीन तासांच्या सिनेमात सांगण्यासारखं दहा मिनिटांचंच असतं, जावईबापू," ते मला बजावत, "उरलेलं सगळं बागेत पळणं."

पण ती दहा मिनिटं टेलिफोनच्या तारेतून जेल रोडला मामांच्या घरी पोचेपर्यंत सकाळची दुपार होई. म्हणून मामा फिल्म सकाळीच लावून ठेवत आणि लोणच्यासारखी मुरू देत. तोवर खोलीत मोठ्यानं बोलायचं नाही, पंखा लावायचा नाही (का, ते मला अजून कळलेलं नाही) आणि फोनला तर हातच लावायचा नाही. लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून! मामी कॉम्प्युटरला सवत म्हणत आणि तिच्यावर स्वतःच विणलेलं क्रोशाचं झाकण घालत. एवढं मुरवूनही फिल्म मधेच अडकायचीच. पडद्यावर ते वाट बघायला लावणारं चक्र गोल फिरू लागलं की मामा खुर्ची वळवून आमच्याकडे तोंड करीत. "आता पुढं काय होतं सांगतो," म्हणत आणि हातवारे करून असं रंगवत, की फिल्म परत सुरू झाली तर आम्हालाच व्यत्यय वाटायचा.

एकदा त्यांच्या एकुलत्या एका मुलीला पाहायला पिंपळगावची मंडळी संध्याकाळी यायची होती. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. मंडळींचं अचानक लवकर निघायचं ठरलं. तसा त्यांनी बिचाऱ्यांनी फोनही केला, पुन्हा पुन्हा केला. पण फोन फिल्म मुरवण्यात गुंतलेला. पाहुणे भर दुपारी दारात हजर! पोहे भिजवलेले नाहीत, मुलगी न्हाऊन केस वाळवत बसलेली, मामी घरातल्या विटक्या साडीत. हेही स्थळ गेलं, असं मामींनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

मामांना एकच पाहुणचार ठाऊक होता. त्यांनी सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. चित्रांची फिल्म होती; म्हातारा नावाडी, वादळ, पलीकडच्या काठावर कंदील धरून उभी असलेली बायको. नाव ऐन मध्यावर आली आणि पडद्यावर चक्र फिरू लागलं. मामा वळले. मुलाचे वडील द्राक्षबागाईतदार, इतका वेळ घड्याळ बघत होते, ते खुर्चीच्या कडेला सरकले. "मंग? पोचला का नाय त्यो?"

मामांनी वादळ वाढवलं. पोहे आले, मागोमाग मुलगी आली, तरी कुणी मान वळवेना. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "बाबा, पोहे गार होतायत. पोचवा ना त्याला लवकर!"

मामांनी नावाडी पोचवला. मुलाचे वडील हसत सुटले. "आमच्याकडं जेवताना बी कुणी बोलत नाय," ते म्हणाले. "बोलतं माणूस पायजे घरात. पोरगी द्या आम्हाला." मुलगा मघापासून पडद्याकडे बघतच नव्हता, हे फक्त मामींच्या लक्षात आलं होतं.

तिच्या लग्नानंतर मी ती फिल्म शेवटपर्यंत पाहिली. नावाडी पोचत नाही. कंदील तेवढा राहतो. मी मामांना जाब विचारला, तर म्हणाले, "मुलीला बघायला आलेल्यांसमोर बुडवू का त्याला?"

आता मामांकडे वेगवान इंटरनेट आलंय. फिल्म कुठंच अडकत नाही आणि मामांना बोलायला फट सापडत नाही. मुलगी पिंपळगावला रमली. मामांचं घर मात्र फार गप्प झालंय. तिथं गेलं की मला वाईट वाटतं. परवा गेलो तेव्हा तीच फिल्म लागलेली. नाव मध्यावर आली तशी मामांनी हळूच बटण दाबून ती थांबवली.

"अडकली बघा," ते म्हणाले.

आतून मामींनी विचारलं, "पोचला का हो तो?"

"पोचतोय," मामा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची स्वयंपाकघराकडे वळवली.