पाणी धुणारे मामा

पाण्याने सगळं धुणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण खुद्द पाणीच धुऊन ठेवणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मी शिरूरला शाळामास्तर. स्वभावाने भित्रा, नाकासमोर चालणारा. एसटी वेळेआधी सुटली तरी माझ्या छातीत धडधडतं. अशा माणसाला असे मामेसासरे मिळावेत, याला नशीब म्हणतात. मामांची वस्ती पाटसहून दौंडला जाणाऱ्या रस्त्यावर, उसाच्या फडात. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेलो, तेव्हा उसाच्या मधोमध निळ्या फरशीचा, काठोकाठ भरलेला पोहण्याचा तलाव बघून मी हातातली पिशवी खाली ठेवली. तो तिथे कशासाठी आहे हे कळल्यावर तर मी स्वतःच खाली बसलो.

झालं होतं असं. पुण्यात कुठलासा क्लब बंद पडून त्याच्या सामानाचा लिलाव निघाला. मामा गेले होते शेतासाठी लोखंडी गेट बघायला. परत आले ते लांब दांड्याची एक जाळी, भिंती घासायचा हातभर रुंद ब्रश आणि तळाचा गाळ ओढून घेणारा, तोंडाला चाकं असलेला पाइप घेऊन. हे सामान दोन वर्षं पडवीत टांगलेलं होतं आणि मामा ते रोज पुसत होते. शेवटी एका सकाळी, "हत्यारं नुसती पडून हायती, बरं दिसत न्हाई," असं म्हणून त्यांनी उभ्या उसात जेसीबी घातला. लोकांकडे तलाव असतो म्हणून ते जाळी घेतात. मामांनी जाळी होती म्हणून तलाव घेतला. मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला." मामांना त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. "औत घेतल्यावर रान नगं व्हय?" असं ते मलाच विचारत, आणि मी जावई असल्यामुळे मान डोलवत असे.

पहाटे उठून मामा जाळी फिरवत. पाण्यावर उसाचं पाचट नको, मुंगळा नको, कडुलिंबाचं एक पान नको. मग ब्रशाने चारी भिंती, मग तो पाइप. पाइपाला मामी 'सोंड' म्हणत आणि त्याच्याकडे सवतीसारखं बघत. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर मामा चिमटीने, केशर घालावं तशी घालत. मग बाटलीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब सोडत आणि पाणी किती पिवळं होतं ते उन्हात धरून बघत. एवढं करून स्वतः मामा पाण्यात कधी पाऊलही बुडवत नसत. "माणूस उतरला की पाणी मळतं," हे त्यांचं मत. मला जावई म्हणून पोहायची परवानगी मिळाली, पण आधी मोटारीच्या पाण्याखाली साबण लावून आंघोळ करायला लावली, आणि नंतर मामांनी वाकून माझ्या पायांच्या बोटांच्या बेचक्या तपासल्या. इतक्या बारकाईने मला माझ्या आईनेही कधी पाहिलं नसेल. तालुक्यातले एक पुढारी ऐन निवडणुकीत पोहायला आले, तेव्हा मामांनी त्यांना फाटकातच विचारलं, "डोक्याला तेल हाय का?" होतं. पुढारी चहा पिऊन परत गेले. सोबतचे कार्यकर्ते मामांकडे असे बघत होते, की मी कणगीमागे जाऊन उभा राहिलो.

मामांच्या मुलीचं लग्न वस्तीवरच लागलं. मंगलाष्टकं चालू झाली, 'सावधान' झालं, हजारभर माणसांनी अक्षता उधळल्या, आणि वधूपिता जागेवर नाही. शोधतो तर मामा नवा फेटा बांधून तलावाच्या काठावर, जाळीने अक्षता गोळा करताहेत. लग्नाच्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोत हार घातलेलं जोडपं आहे आणि मागे लांब दांडा दिसतो आहे.

एकदा ते आमच्याकडे शिरूरला मुक्कामाला आले. जाळी आणि ब्रश अर्थातच बरोबर. दांडा गाडीच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत पोचला होता आणि कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागत होता. दुसऱ्या दिवशी मी उठलो तो जिन्यातल्या आरडाओरड्याने. आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी मामांनी उघडून पाहिली होती. तळाचा गाळ बघून त्यांना झोप लागली नव्हती. उजाडायच्या आत त्यांनी टाकी रिकामी करून, आत उतरून, घासून लख्ख केली होती. नळाला पाणी त्या दिवशी येणार नव्हतं. सगळी बिऱ्हाडं तोंडाला साबण लावून जिन्यात उभी, आणि मामा ओल्या धोतराने त्यांना सांगताहेत, "आता बघा जाऊन, तळ दिसतोय." त्यानंतर वर्षभर शेजारी माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत.

असा सगळ्यांशी बिनदिक्कत बोलणारा माणूस एका माणसाच्या बाबतीत मात्र गप्प होता. तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. घराणं मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं. धाकट्याने, म्हणजे मामांनी, वाटणीची मेंढरं विकून ऊस लावला. थोरल्याने मेंढरं ठेवली आणि धाकट्याच्या दारात पाऊल ठेवणं सोडलं. दसऱ्यानंतर लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. त्यासाठी थोरले दर वर्षी कळप घेऊन नदीकडे जात, आणि रस्ता मामांच्या फाटकावरूनच होता. त्या दिवशी मामा सकाळपासून फाटकात उभे राहत. कळप यायचा, घंटा वाजायच्या, थोरले मान न वळवता निघून जायचे. मामी चहाची किटली घेऊन रस्त्यापर्यंत जायच्या आणि भरलेली परत आणायच्या. मामांना या जगात त्या माणसाने एकदा आत यावं, याखेरीज काही नको होतं, हे मला मामींनी सांगितलं. मामा स्वतः त्या दिवशी फक्त जाळी जोरजोरात फिरवत.

मग एक वर्ष असं आलं, की पाऊस पडलाच नाही. दसऱ्यालाच नदीची डबकी झाली. ऊस वाळला, पण तलाव भरलेला, कारण मामा तेच पाणी पुन्हापुन्हा धुऊन वापरत. ऑक्टोबरचा उकाडा, आणि आमच्या हेडमास्तरांना पोहण्याची हौस. मी त्यांना पाण्याचं इतकं वर्णन करून सांगितलं होतं, की त्यांनी महिनाभर डोक्याला तेल लावलं नव्हतं. रविवारी आम्ही दोघं वस्तीवर पोचलो. फाटक सताड उघडं. आतून कसलातरी कोलाहल. पुढे जाऊन पाहिलं. तलावात मेंढरं होती. काठापासून काठापर्यंत मेंढरं. निळं पाणी चहासारखं झालेलं, वर लेंड्या तरंगताहेत, आणि मधोमध छातीभर पाण्यात थोरले. त्यांच्या शेजारी मामा. पाण्यात पाऊल न बुडवणारे मामा, मुंडाशासकट भिजलेले, एक मेंढी काखेत धरून तिची पाठ भिंती घासायच्या ब्रशाने खसाखसा घासताहेत. हेडमास्तर खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन म्हणाले, "आपण उद्या येऊ या का?"

मामी पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. सकाळी कळप फाटकापाशी आला आणि पहिल्यांदाच थांबला, असं त्यांनी सांगितलं. थोरले काही मागायला तयार नव्हते. नुसते उभे राहिले. मग रस्त्याकडे बघतच म्हणाले, "मेंढरं धुवायची हायती. पानी न्हाई कुठं."

मामांनी फाटक उघडलं.

"तुजं पानी मळंल, धाकल्या."

"मळंल तर मळंल, दादा. धुवायची हत्यारं हायती की आपल्याकडं."

मला पाहिल्यावर मामा पाण्यातूनच ओरडले, "जावईबापू, हुबं काय ऱ्हायला? ती कोकरं द्या हिकडं." आंघोळीचं नाव नाही, पायाच्या बेचक्या नाहीत. शिरूरचा एक भित्रा मास्तर त्या दिवशी पँट वर करून कोकरं उचलून देत होता, आणि थोड्या वेळाने हेडमास्तरही. पुढे थोरले पडवीत भावाच्या मांडीला मांडी लावून जेवले. मामी तिसऱ्यांदा भाकरी थापायला बसल्या.

तलाव परत निळा करायला मामांना दिवाळी उजाडली. मी गेलो तेव्हा सगळं लख्ख होतं, फक्त ब्रशाच्या केसांत काळी लोकर अडकलेली. मी ती ओढून काढायला लागलो, तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

पुढच्या वर्षी दसरा जवळ आला, तेव्हा मामांनी पाण्यात पावडर टाकायची बंद केली. मेंढरांच्या डोळ्यांना झोंबते म्हणून. पाणी हिरवट झालं, तळ दिसेना, वर पानं साचली. मामा जाळी टेकवून फाटकात उभे. त्या वर्षी पाऊस मात्र भरपूर झाला होता. विहिरी तुडुंब, ऊस डोक्याच्या वर गेलेला, सगळा तालुका खुशीत. कळप आला. थोरले थांबले, मामींच्या हातचा चहा उभ्या उभ्या प्यायले आणि कपबशी परत देत म्हणाले, "नदीला पानी हाय औंदा."

"व्हय," मामा म्हणाले. "बरं झालं."

कळप वळणाआड जाऊन घंटा ऐकू येईनाशा झाल्या, तरी ते फाटकातच होते. चांगला पाऊस झाला म्हणून वाईट वाटलेला शेतकरी मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला.