शनिवारचा गोल

दुखत होता गुडघा, पण चैन जिवाला नव्हती. पोलीस भरतीची मैदानी चाचणी सहा आठवड्यांवर आलेली, वयात बसणारी माझी ही शेवटची भरती, आणि लातूरच्या बायपासच्या डांबरावर पळून पळून उजवा गुडघा जिना उतरतानाही ठणकायचा. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत बोलायची सोय नव्हती. सर मागच्या रांगेत टाकतील ही धास्ती. म्हणून उपचाराला नांदेड. आठवड्यातून दोनदा, एसटीने, फक्त आईला सांगून.

तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्या डोळ्यांवर गडद चष्मा चढवायच्या आणि पेनासारखं यंत्र गुडघ्याभोवतीच्या ठरावीक जागांवर धरायच्या. लेझर ॲक्युपंक्चर. सुई नाही, टोचणं नाही. मला ते फार आवडलं, कारण त्यात मला काही करावंच लागत नव्हतं.

पण त्यांनी बजावलं होतं की लेझरने दुखणं कमी झालं तरी पळण्याचा भार मांडीनेच पेलायचा, आणि मांडीला ताकद व्यायामानेच येणार. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायची, पाय सरळ उचलून धरायचा, भिंतीला पाठ टेकून अर्धं बसायचं, प्रत्येक वेळी दहा आकडे. तूर्त पळणं बंद. व्यायाम झाला की चित्रांच्या तक्त्यावर त्या दिवसाचा गोल भरायचा.

दहा मोजायला मला धीर कुठला? मी पळतच राहिले. गोल भरण्यात मात्र माझा हात धरणारं कुणी नव्हतं. सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिकांनी सवयच तशी लावलेली. काळं बॉलपेन, रेघेबाहेर ठिपका नाही. एसटीत बसल्या बसल्या मी आठवडाच्या आठवडा भरून टाकायचे आणि घरी तक्ता खिळ्याला अडकवायचे.

एका गुरुवारी मॅडमनी तक्ता हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"शनिवार अजून यायचाय," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मला सगळ्यांचा राग आला. मॅडमचा, गुडघ्याचा, प्रत्येक थांब्यावर रेंगाळणाऱ्या एसटीचा. स्वतःचा सगळ्यात जास्त, पण तो कबूल करायला लातूर यावं लागलं.

घरात शिरले तर आई भिंतीला पाठ टेकून अर्धी बसलेली. ओठ हलत होते. तक्ता माझ्या बॅगेत होता. तिला तो पाठ झाला होता.

"तू येवढं नेमानं करतीस, म्हटलं आपण बी करावं," ती म्हणाली. मग सावकाश खाली मांडी घालून बसली. गुडघ्यांमुळे वर्षभर तिला ते जमत नव्हतं. "माझं लई कमी झालं बघ. तुझं कसं न्हाई गं?"

चाचणीला अठरा दिवस उरले होते. मी बॅग ठेवली आणि भिंतीला पाठ टेकली. चार आकड्यांनाच मांड्या लटलटायला लागल्या.

"उठू नको," आई खालून म्हणाली. "पाच."