उस्तादांचा टाका

शिवून झालेली प्रत्येक सीट बाहेर पाठवण्याआधी टाचणी तिच्यावर धप्पकन बसायची. हळूच नाही, कामावरून थकून आलेला माणूस बसमध्ये अंग टाकतो तशी. शिवण कुरकुरली तर सगळी उसवून पुन्हा घालायची. बसच्या कारखान्यातल्या गादीखात्याची ही रीत उस्तादांनी घालून दिली होती. "प्रवासी काय फुलासारखा बसणार आहे? आपटून बघ," ते म्हणायचे. अंगाने काडी आणि बोलायला टोकदार, म्हणून तिचं टाचणी हे नावही त्यांनीच ठेवलेलं.

आधी उस्ताद गेले, मग कारखाना गेला. त्याच शेडमध्ये वाहतुकीचं संग्रहालय आलं. जुन्यांपैकी एखादं माणूस दिसलं की पाहुण्यांना बरं वाटतं, म्हणून टाचणीला बोलावणं आलं. काम काय, तर निळा कोट घालून जुन्या बसशेजारी उभं राहायचं आणि "हात लावू नका" म्हणायचं.

"आई, गुडघे बघा तुमचे. कशाला ही हौस?" सून म्हणाली.

"तुझ्या टीव्हीसमोर बसून मरण्यापेक्षा तिथे उभ्याने मरेन."

नवरा गेला त्या आठवड्यातही ती मशीनवरच होती. त्या छपराखाली आपल्याला जागा उरावी, एवढं एकच तिला हवं होतं. गादीखात्याच्या जागी आता चहाचं काउंटर होतं. तिचं मशीन होतं तिथे लोक कपात साखर ढवळत उभे असत. तिने तेही गिळलं.

मग एक दिवस कुठल्याशा भंगारातून एक सीट परत आली. लाल रेक्झीन, आत काथ्या, आणि कडेने उस्तादांच्या हातचा तिरपा टाका. त्यांच्या हातची तेवढी एकच उरली होती. ती चौथऱ्यावर ठेवून माणसं गेली. टाचणीने कडेवरून बोट फिरवलं. पुढचं काही डोक्याला विचारून झालं नाही. ती वळली आणि धप्पकन बसली.

रेक्झीन कधीचं सुकून गेलं होतं. शिवणीपासून पार मागपर्यंत टरकन फाटलं. काथ्याचा भुगा जमिनीवर सांडला.

संग्रहालयाच्या मोठ्या बाई धावत आल्या. "अहो, काय केलंत हे!"

"बसले."

"दिवसभर दुसऱ्यांना हटकता आणि तुम्हीच?"

"एक दाभण आणून द्या मला. जेवणाच्या सुट्टीच्या आत पहिल्यासारखी करून देते."

बाई खाली बसून भुगा ओंजळीत गोळा करू लागल्या. "कराल हो. पण तो तुमचा टाका होईल. त्यांचा कुठून आणायचा?"

बाई आरडाओरडा करत्या तर टाचणीने त्यांना फैलावर घेतलं असतं. पण त्या हळू बोलल्या, आणि खरं बोलल्या. टाचणी गुडघे धरत खाली बसली आणि त्यांच्याबरोबर भुगा वेचू लागली.

दुसऱ्या दिवसापासून तिला दाराबाहेर, लोकांच्या पिशव्या सांभाळायला बसवलं. आत पाऊल टाकायचं नाही. तिने काही दिवस पिशव्या सांभाळल्या. मग निळा कोट धुऊन, घडी घालून परत पाठवला आणि अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. सून म्हणाली, हट्ट आहे.

एका रविवारी सून मुलांना घेऊन संग्रहालयात जाऊन आली आणि चपला काढल्या काढल्या अंथरुणाशी येऊन बसली. सासूच्या जिवाला तेवढाच थंडावा, असं तिला वाटत होतं.

"आई, ती सीट काचेत ठेवलीय. फाटकीच. वर दिवासुद्धा सोडलाय. लोक नेमका त्या फाटक्या जागेचाच फोटो काढतात. आणि तुमचं नाव कुठ्ठे नाही हो. पाटीवर फक्त लिहिलंय, वापरामुळे झालेली झीज."

टाचणीने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि एवढंच विचारलं. पहाटे ती गेली, त्यामुळे तिचं शेवटचं बोलणं म्हणून घरात तेच सांगतात.

"पोरांना काही खायला घातलंस, की उपाशीच फिरवून आणलीस?"